रिलीजचं कोडनेम स्क्रिप्टनं ठरवायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या आयटी पार्कमधली सात जणांची टीम विदर्भातल्या पतसंस्थांना सॉफ्टवेअर देते. दर तीन आठवड्यांनी रिलीज निघते. प्रत्येक रिलीजला कोडनेम असतं, ते ग्रुपवर चर्चा करून ठरतं आणि त्यात अर्धा दिवस जातो. म्हणून तुम्ही पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली: व्हर्जनच्या आकड्याचा हॅश (मजकुरावरून सूत्रानं काढलेला एक मोठा आकडा) काढायचा, त्याला नावांच्या यादीच्या लांबीनं भागायचं आणि बाकी उरेल त्या क्रमांकाचं नाव घ्यायचं. यादीत १०० नावं आहेत. आता तक्रार अशी की तेच व्हर्जन पुन्हा बिल्ड केलं, म्हणजे कोडवरून पुन्हा तयार केलं, की नाव बदलतं, शिवाय दोन वेगळ्या व्हर्जनना एकच नाव लागलं. याहून चांगलं सूत्र कोणतं, असं तुम्ही विचारता आहात.

सूत्र बदलून हे सुटणार नाही. तुम्ही नाव दर वेळी नव्यानं मोजून काढताय आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. नाव एकदाच वाटलं जावं, रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक भांडारात, लिहिलं जावं आणि त्यानंतर प्रत्येक बिल्डनं ते फक्त वाचावं. यादीतून पुढचं नाव उचलण्याचं काम चार ओळींचं आहे. खरी मेहनत ते नाव केव्हा वाटायचं, कशाला वाटायचं आणि दोन पाइपलाइन (सर्व्हरवर आपोआप चालणारी बिल्डची कामं) एकाच वेळी आल्या तर काय, यात आहे.

आधी तुमच्या दोन तक्रारींची कारणं पाहू, कारण पहिली दुरुस्त केली की काम झालं असं वाटतं आणि दुसरी तशीच राहते.

नाव बदलतं याचं कारण पायथनचं अंगभूत हॅश फंक्शन. ३.३ आवृत्तीपासून हे फंक्शन स्ट्रिंगसाठी दर प्रोसेसमध्ये वेगळा रँडम आकडा मिसळून चालतं. सुरक्षेसाठी हे मुद्दाम केलेलं आहे. त्यामुळे "३.४.०" या स्ट्रिंगचा हॅश आज सकाळी एक आणि दुपारी दुसरा येतो. पायथनच्याच हॅशलिब मॉड्यूलमधलं एसएचए-२५६ हे हॅश फंक्शन वापरलंत तर आकडा कायम तोच राहील. पण यादीत उद्या १०१ वं नाव घातलंत की भाजक बदलला, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या व्हर्जनचं नाव सरकलं. सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊन यादी पिसायची युक्तीही बरेच जण सुचवतात. तीही इथं टिकत नाही. पायथन हमी देतं ती एवढीच की ठरावीक सीडवर मूळ रँडम फंक्शन तेच आकडे देईल. शफल (यादी पिसणं) आणि चॉइस (एक उचलणं) यांची आतली रीत पुढच्या आवृत्तीत बदलू शकते. ३.२ मध्ये ती बदललीही होती. सर्व्हरवरचं पायथन अपग्रेड झालं म्हणून मागच्या वर्षीच्या रिलीजचं नाव बदलावं, हे कुणालाच परवडणारं नाही.

दुसरी तक्रार शुद्ध गणिताची आहे. १०० नावांतून प्रत्येक रिलीजला स्वतंत्रपणे एक नाव उचललं, तर बाराव्या रिलीजपर्यंत कुठल्या तरी दोघींचं नाव सारखं असण्याची शक्यता जवळजवळ ५० टक्के होते. तुमच्या वेगानं वर्षाला सतरा रिलीज होतात. सतराव्यापर्यंत ती ७६ टक्क्यांवर जाते. म्हणजे टक्कर तुमच्या नशिबानं झाली नाही, ती होणारच होती. दोन शब्दांची नावं केली, चाळीस विशेषणं आणि चाळीस नामं, तरी १६०० जोड्यांत अठ्ठेचाळीस रिलीजना तीच निम्मी शक्यता येते. पुनरावृत्ती टाळायचा खात्रीचा मार्ग एकच: आधी काय वापरलं ते लिहून ठेवणं. आणि लिहूनच ठेवायचं असेल तर हॅशची गरज उरत नाही.

आता नाव कशाला द्यायचं. हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि इथं सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. तुमचं सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर चालत असतं आणि सगळे ग्राहक कायम ताज्या आवृत्तीवर असते, तर मी कोडनेम सोडून द्या म्हणालो असतो, तारीख पुरते. पण पतसंस्थांचं तसं नसतं. एक संस्था मार्चअखेर होईपर्यंत अपग्रेडला हात लावू देत नाही, दुसरीकडे ऑडिट चालू असतं, तिसरी दोन आवृत्त्या मागे असते. एकाच वेळी चार-पाच आवृत्त्या जिवंत असल्या की सपोर्टच्या फोनवर "तीन पॉइंट चार पॉइंट एक" आणि "तीन पॉइंट एक पॉइंट चार" यांत गफलत होते. तिथं नावाचा उपयोग आहे.

मात्र दर तीन आठवड्यांच्या रिलीजला वेगळं नाव देऊ नका. वर्षाला सतरा नावं सपोर्टवाल्यांच्या लक्षात राहत नाहीत, आणि लक्षात न राहणाऱ्या नावापेक्षा आकडा बरा. नाव द्यायचं ते आवृत्तीच्या ओळीला, म्हणजे ३.४ ला. ३.४.०, ३.४.१, त्यावरचे हॉटफिक्स (तातडीच्या दुरुस्त्या), आधीचे रिलीज कँडिडेट (चाचणीच्या आवृत्त्या), सगळ्यांचं नाव एकच. तुमच्याकडे दर तीन आठवड्यांची रिलीज प्रत्यक्षात पॅच, म्हणजे छोटी दुरुस्तीच असेल, तर वर्षाला चार-पाच नावं पुरतील. पॅचला वेगळं नाव दिलं की "या नावात तो व्याजाचा बग दुरुस्त झाला होता का" हे कुणालाच सांगता येत नाही.

केव्हा द्यायचं, हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. बहुतेक टीम रिलीजच्या दिवशी, कोडच्या त्या टप्प्यावर टॅग, म्हणजे खूणचिठ्ठी, मारताना नाव देतात. तेव्हा फार उशीर झालेला असतो. कोडनेम सगळ्यात जास्त कामाला येतं ते आकडा पक्का नसताना. उबुंटू या लिनक्स प्रणालीचं उदाहरण घ्या. त्यांचा आकडा वर्ष आणि महिन्यावरून येतो. 'डॅपर ड्रेक' एप्रिल २००६ मध्ये, म्हणजे ६.०४ म्हणून यायची होती. काम सहा आठवडे लांबलं, जूनमध्ये गेलं आणि ती ६.०६ झाली. नाव तेच राहिलं, त्यामुळे ब्रँच (कोडच्या वेगळ्या फांद्या), बग, चर्चा यांतलं काही बदलावं लागलं नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा अनुभव याहून जुना. १९९५ मध्ये एका सीडी विक्रेत्यानं त्यांची अर्धवट आवृत्ती १.० म्हणून बाजारात आणली, आणि गोंधळ नको म्हणून डेबियननं १.० हा आकडाच सोडून दिला. पुढची आली ती १.१, 'बझ'. तेव्हापासून त्यांच्या भांडारातल्या डिरेक्टरीला आकडा नसतो, कोडनेम असतं, आणि 'स्टेबल' हा फक्त एक दुवा असतो. आवृत्ती पक्की झाली की दुवा वळवायचा, जगभरच्या मिररना (भांडाराच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरना) फाइली पुन्हा उतरवाव्या लागत नाहीत.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: रिलीज ब्रँच कापायच्या आधी नाव वाटा, आणि नोंदीची किल्ली व्हर्जनचा आकडा नको, नावच असू द्या. सिमँटिक व्हर्जनिंगमध्ये (बदल किती मोठा हे आकड्यावरून सांगणाऱ्या पद्धतीत) ३.४ म्हणून सुरू झालेलं काम मोडणारा बदल आला की ४.० होतं. किल्ली आकडा असेल तर तुमची नोंद तिथंच तुटते. ब्रँचलाही नाव द्या, 'रिलीज/पावशा' असं (पावशा हे इथं नमुन्याचं नाव). आकडा नंतर भरता येतो.

आता प्रत्यक्ष मांडणी. रिपॉझिटरीत दोन साध्या सीएसव्ही फाइली ठेवा. पहिली नावांची यादी: ओळ क्रमांक, देवनागरी नाव, रोमन स्लग (यंत्रानं वापरायचं रोमन लिपीतलं छोटं नाव). ही फक्त शेवटी वाढते. मधल्या ओळी हलवायच्या नाहीत, खोडायच्या नाहीत. दुसरी वाटपाची नोंद: स्लग, अपेक्षित आकडा, प्रत्यक्ष आकडा, वाटपाची तारीख, स्थिती. कुठलं नाव वापरलं गेलं हे यादीत लिहू नका. ते नोंदीवरून कळतं, आणि एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की एक दिवस ती दोन तऱ्हेची होते.

वाटप करणारं काम सीआयमध्ये (पाइपलाइन चालवणाऱ्या यंत्रणेत) वेगळं ठेवा, बिल्डचा भाग नको. ते हातानं एक बटण दाबून सुरू व्हावं आणि मुख्य ब्रँचवरच चालावं. त्याला अपेक्षित आकडा द्यायचा. पहिलं काम: नोंदीत त्या अपेक्षित आकड्याची चालू ओळ आधीच असेल तर तेच नाव छापून शांतपणे बाहेर पडायचं. ही पायरी विसरू नका. पाइपलाइन मध्येच पडते, कुणीतरी 'पुन्हा चालवा' दाबतं, आणि ही तपासणी नसेल तर दर दाबण्याला एक नाव खर्ची पडतं. ओळ नसेल तर यादीत वरून पहिलं न वापरलेलं नाव घ्यायचं, नोंदीच्या शेवटी ओळ जोडायची, कमिट करायचं (बदल गिटमध्ये पक्का करायचा), 'कोडनेम/पावशा' असा अ‍ॅनोटेटेड टॅग मारायचा आणि कमिट व टॅग दोन्ही एकाच पुशमध्ये (सामायिक रिपॉझिटरीकडे पाठवणीत), अ‍ॅटॉमिक पर्याय लावून ढकलायचे. त्यानंतर, याच कमिटवरून, रिलीज ब्रँच कापायची. क्रम उलटा झाला, ब्रँच आधी कापली, तर नोंद मुख्य ब्रँचवर राहते आणि रिलीज ब्रँचमधल्या बिल्डला ती दिसतच नाही. बरोबर क्रमानं केलं तर दोन वर्षांनी त्या ब्रँचवरून हॉटफिक्स काढला तरी तिची नोंद तिच्याबरोबर असते.

अ‍ॅटॉमिक आणि अ‍ॅनोटेटेड हे दोन शब्द मी सहज लिहिलेले नाहीत. अ‍ॅटॉमिक नसेल तर टॅग जातो आणि कमिट नाकारलं जातं, किंवा उलट, आणि अर्धवट वाटप उरतं. टॅग साधा असेल आणि दोन पाइपलाइननी एकाच कमिटवर तोच टॅग मारला, तर दुसरीला गिट फक्त 'सगळं ताजं आहे' म्हणतं आणि चूक लपते. अ‍ॅनोटेटेड टॅगमध्ये वेळ आणि मारणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे तो वेगळा ऑब्जेक्ट ठरतो आणि दुसरा पुश नाकारला जातो. तुमचं खरं कुलूप हेच. पुश नाकारला की स्थानिक टॅग खोडायचा, ताजं आणायचं, सुरुवातीच्या तपासणीपासून पुन्हा सुरू करायचं; तीन प्रयत्नांनंतर थांबून माणसाला कळवायचं. याच्या जोडीला गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये 'कॉनकरन्सी' गट, गिटलॅबमध्ये 'रिसोर्स ग्रुप' किंवा जेनकिन्समध्ये एका वेळी एकच बिल्ड हा पर्याय लावा. म्हणजे टक्कर मुळात कमी होईल. पण त्यांच्यावरच विसंबू नका, कारण कुणीतरी एक दिवस ती स्क्रिप्ट स्वतःच्या लॅपटॉपवरून चालवतंच.

इथं नेहमी चुकणाऱ्या तीन गोष्टी आहेत. गिटहबचं चेकआउट अ‍ॅक्शन मूळ सेटिंगला फक्त शेवटचं एक कमिट आणतं, टॅग आणत नाही. त्यामुळे वापरलेली नावं टॅगवरून शोधणारी स्क्रिप्ट सीआयमध्ये गेली की तिला काहीच वापरलेलं दिसत नाही आणि ती दर वेळी यादीतलं पहिलं नाव देते. लॅपटॉपवर मात्र नीट चालते, म्हणून कारण सापडायला वेळ लागतो. 'फेच-डेप्थ' शून्य करा, आणि तरीही वाचायचं ते नोंदीच्या फाइलमधून. दुसरी गोष्ट: दोन ब्रँचनी नोंदीच्या शेवटी ओळ जोडली की मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट येतो. तो त्रास वाटतो म्हणून काही जण त्या फाइलला 'युनियन' मर्ज लावतात, म्हणजे दोन्हीकडच्या ओळी न विचारता ठेवल्या जातात. लावू नका. तो कॉन्फ्लिक्टच सांगत असतो की एकाच वेळी दोन वाटपं झाली आहेत. तिसरी: गिटहबच्या पाइपलाइनला मिळणाऱ्या अंगभूत टोकननं केलेल्या पुशमुळे पुढची पाइपलाइन आपोआप सुरू होत नाही. वाटप झालं पण बिल्ड का लागलं नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

बिल्डनं काय करायचं? नोंद वाचायची, आपल्या ब्रँचचा स्लग शोधायचा, सापडला नाही तर बिल्ड पाडायचं. पर्यायी नाव बनवायचं नाही, 'अज्ञात' असंही छापायचं नाही.

३.४ सारखी एखादी आवृत्तीची ओळ मध्येच सोडून द्यावी लागली तर तिचं नाव परत यादीत टाकायचं नाही. स्थिती 'रद्द' करायची आणि पुढचं नाव घ्यायचं. तुमच्या ग्राहकांच्या पावती पुस्तकातसुद्धा रद्द झालेली पावती तिच्या क्रमांकासह तिथंच राहते, तसंच हे. रद्द ओळीचं नाव बग ट्रॅकरमध्ये, ई-मेलमध्ये, चाचणीच्या बिल्डमध्ये आधीच पसरलेलं असतं. तेच नाव दुसऱ्या रिलीजला मिळालं की जुन्या उल्लेखांचा अर्थ फिरतो.

आता यादीकडे येतो. माझ्या मते लोक स्क्रिप्टवर नको तितका आणि यादीवर फारच थोडा वेळ घालवतात. यंत्र नावाचा अर्थ बघत नाही. तो तुम्हाला आधीच बघून ठेवायचा आहे. यादी एकदा बसून, चार जणांनी मोठ्यानं वाचून करा. ग्रुपवरची ती चर्चा वर्षात एकदाच होईल.

नागपूरची टीम म्हटलं की पहिली सूचना येते ती तलावांची किंवा जंगलांची: फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा, पेंच, ताडोबा, नागझिरा. नावं सुंदर आहेत, आपली आहेत. पण तुमच्या कामाला मी ती सुचवणार नाही. तुमचे ग्राहक याच भागात आहेत. कन्हान ही नदी आहे, गावही आहे. वर्धा ही नदी, शहर आणि जिल्हा तिन्ही आहे. पेंच म्हणजे नदी, धरण आणि व्याघ्र प्रकल्प. "वर्धा अपडेट झालं का?" या प्रश्नात वर्धा शाखा की वर्धा रिलीज, हे फोनवर कळणार नाही. जिथं शाखा, गोदाम किंवा सर्व्हरला गावांची नावं असतात तिथं गावाचं नाव कोडनेमला नको.

पक्षी चांगले चालतात. संख्या भरपूर, नावं छोटी, आणि विदर्भात दिसणारेच शंभराच्या वर सहज मिळतात. तरीही प्रत्येक नाव गाळून घ्या. धोबी हा देखणा पक्षी आहे, पण ते एका समाजाचं नाव आहे, यादीत नको. कोतवाल आणि भारद्वाज ही आडनावं आहेत, आणि एखाद्या संस्थेचे अध्यक्ष त्याच आडनावाचे निघाले की "भारद्वाजमध्ये बग आहे" हे वाक्य पत्रात लिहिता येत नाही. घुबड, गिधाड, टिटवी यांना अनेक घरांत अशुभ मानतात. तुम्ही मानत नसाल, पण रिलीज नोट वाचणारा ग्राहक तुम्ही निवडलेला नसतो. देवांची, संतांची, पुढाऱ्यांची नावं तर सरळ बाजूला ठेवा. बग दुरुस्त करताना, रिलीज मागे घेताना त्या नावाबद्दल जी भाषा वापरली जाते ती कुणालाही दुखवू शकते.

मग ऐकण्याची परीक्षा. सपोर्टवाल्यानं फोनवर नाव उच्चारलं आणि समोरच्यानं ते आवाजाच्या गोंगाटात ऐकलं तर दुसऱ्या कुठल्या नावाशी गल्लत होईल का? मुनिया आणि मैना एका यादीत नकोत. लागोपाठची दोन नावं तरी एकाच अक्षरानं सुरू होऊ नयेत. डेबियनच्या १०, ११ आणि १२ या तीन आवृत्त्या बस्टर, बुल्सआय आणि बुकवर्म आहेत. तिन्ही 'ब'च्या, आणि कोणती आधीची हे आजही लोक थांबून आठवतात. गुगलनं २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून मिठाईची नावं जाहीरपणे वापरणं थांबवलं, तेव्हा दिलेल्या कारणांत हेही होतं की एल आणि आर यांतला फरक काही भाषांत बोलताना कळत नाही.

वर्णानुक्रम लावायचा का? लावला तर नावावरून आधीची कोणती हे कळतं, आणि तो फायदा मोठा आहे. मराठीत क ते ह या व्यंजनांतून ङ, ञ, ण, ळ आणि व्यवहारात ष वगळले की २९ अक्षरं उरतात. वर्षाला पाच नावं धरली तर पाच वर्षांहून जास्त पुरवठा. खंड्या, चातक, ढोकरी, तांबट, थिरथिरा, दयाळ, धनेश, नीलपंख, पावशा, बुलबुल, लावा, वंचक, शिंजीर, हळद्या अशी साखळी चांगली जमते. छ, झ, ठ, य वर अडाल. अडलं तर ते अक्षर सोडा, ओढून-ताणून नाव आणू नका. आणि हे लक्षात ठेवा की हा क्रम फक्त देवनागरीत खरा आहे. युनिकोडमध्ये व्यंजनं साधारण वर्णमालेच्याच क्रमानं बसवलेली आहेत, त्यामुळे देवनागरी नावांचं साधं सॉर्ट पहिल्या अक्षरापुरतं बरोबर येतं. रोमन स्लगचं सॉर्ट मात्र पूर्ण वेगळं लागेल: बुलबुल सगळ्यात वर, चातक त्याच्या खाली. म्हणून क्रम लावायचा तो नेहमी आकड्यावरून किंवा यादीतल्या ओळ क्रमांकावरून.

विशेषण-नामाच्या जोड्या करणार असाल तर मराठीत एक खास अडचण आहे, ती इंग्रजीवरून उचललेल्या स्क्रिप्टला दिसत नाही. काळा, निळा, शहाणा ही विशेषणं लिंगानुसार बदलतात. यंत्र "निळा घार" आणि "शहाणा मैना" सहज तयार करतं. विशेषणांची यादी न बदलणाऱ्या शब्दांचीच ठेवा: चपळ, शांत, धीट, चतुर, दक्ष, चिवट, लाल, तरबेज. आणि नको असलेल्या जोड्यांची एक वेगळी यादी लागतेच. डॉकर हे साधन आपल्या कंटेनरना (सॉफ्टवेअर चालवायच्या बंदिस्त डब्यांना) विशेषण आणि शास्त्रज्ञाचं किंवा तंत्रज्ञाचं आडनाव जोडून नावं देतो, त्यात रामन, रामानुजन, भाभा यांचीही आडनावं आहेत. त्याच्या कोडमध्ये 'बोरिंग वॉझ्नियॅक' (कंटाळवाणा वॉझ्नियॅक) ही एक जोडी मुद्दाम नाकारलेली आहे. रिलीजसाठी मात्र माझं मत एका शब्दाच्या नावाकडेच झुकतं. बोलताना लोक दुसरा शब्द गाळतातच.

स्लगबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठी नावांचं बरंचसं दुखणं इथं आहे. स्लग लिप्यंतरणाच्या लायब्ररीकडून करून घेऊ नका. यादी करतानाच हातानं लिहा आणि गोठवा. नीलकंठ रोमनमध्ये लिहिताना पहिला स्वर 'आय'नं की दोन 'ई'नं, शेवटी 'टी'नंतर 'एच' लावायचा की नाही, एवढ्यावरून चार स्पेलिंग होतात. चार जण चार लिहितील आणि स्क्रिप्टला ती चार नावं वाटतील. रोमनमध्ये ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल एक होतात, म्हणून यादीतले दोन स्लग सारखे नाहीत ना हे सीआयमध्ये तपासा. फक्त लहान रोमन अक्षरं, बारापर्यंत, हायफन नाही, आकडा नाही. डॉकरचा टॅग रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर, टिंब आणि हायफन एवढंच घेतो. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या लेबलचं मूल्य ६३ अक्षरांपर्यंतच चालतं. फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या १९ व्या आवृत्तीच्या नावात 'ओ'वर दोन टिंबं आणि वर अ‍ॅपॉस्ट्रॉफी होता, आणि साध्या अक्षरांची अपेक्षा धरून लिहिलेल्या स्क्रिप्टना तो नडला.

देवनागरी नाव फक्त माणसाला दाखवायला वापरा, तुलना करायला कधीच नाही. 'कऱ्हांडला' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ दोन प्रकारे टंकता येतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं अक्षर लावून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात, आणि युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची रीत) करूनही ते एक होत नाहीत. दोन जणांनी दोन कीबोर्डवर टंकलं की शोध लागत नाही आणि डोळ्यांना चूक दिसत नाही.

नाव कुठं छापायचं ते सोपं आहे: 'आमच्याविषयी'च्या पडद्यावर, लॉगच्या पहिल्या ओळीत, रिलीज नोटच्या मथळ्यात, आणि दर वेळी आकड्यासोबत, "पावशा ३.४.२" असं. लिनक्समध्ये 'ओएस-रिलीज' फाइलमध्ये आकडा आणि कोडनेम अशी दोन स्वतंत्र फील्ड असतात. तीच पद्धत घ्या. व्हर्जनच्या स्ट्रिंगमध्ये नाव कोंबू नका. '३.४.०-पावशा' असं लिहिलंत तर सिमँटिक व्हर्जनिंगच्या नियमानं ती ३.४.० च्या आधीची कच्ची आवृत्ती ठरते आणि अपडेट तपासणारं कोड ती घेतच नाही. अधिकचिन्ह लावून नाव जोडलं तर क्रमात त्याची दखल घेतली जात नाही, ते ठीक. पण डॉकरचा टॅग अधिकचिन्ह स्वीकारत नाही.

यादी संपत आली की स्क्रिप्टनं आधी सांगावं. पाच नावं उरली की इशारा, शून्य उरली की थांबणं. पहिल्यापासून पुन्हा सुरू करणं तिनं स्वतःहून कधीच करू नये. वर्णमाला संपल्यावर दुसरी फेरी घ्यायला हरकत नाही, उबुंटूनं १७.०४ 'झेस्टी झेपस' नंतर १७.१० ला 'आर्टफुल आर्डवार्क' घेऊन तेच केलं. फक्त नावं नवी हवीत. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरनं 'झेड'नंतर पुन्हा 'ए'पासून सुरू करताना वर्षाचा आकडा जोडला, '२०२३.१ अँटिलोप' असा, म्हणजे कोणत्या फेरीतलं नाव हा प्रश्न उरत नाही. आणि फेडोरासारखं २० व्या आवृत्तीनंतर नावं देणंच थांबवणं हाही सरळ निर्णय आहे.

राहिला तुमचा आताचा गुंता. आजवर बाहेर गेलेल्या रिलीजची नावं बदलू नका, ग्राहकांच्या स्क्रीनवर ती छापली गेली आहेत. ती सगळी नोंदीत हातानं भरा. ज्या दोन व्हर्जनना एकच नाव लागलं, त्यांतल्या जुन्याकडे नाव ठेवा. नव्याच्या ओळीत आकडा लिहून स्थितीत 'नाव दुहेरी' अशी नोंद करा आणि सपोर्टला त्या आवृत्तीचा उल्लेख फक्त आकड्यानं करायला सांगा. रीबिल्डमुळे दोन नावं पडलेल्या व्हर्जनचं जे नाव ग्राहकाकडे पोचलं तेच खरं धरा. दुसरं 'रद्द' म्हणून नोंदवा, म्हणजे ते पुन्हा वाटलं जाणार नाही. मग यादी नव्यानं लावा, वाटपाचं काम आधी एका चाचणी रिपॉझिटरीत एकाच वेळी दोनदा चालवून बघा, आणि दुसरं खरोखर नाकारलं गेलं की मुख्य रिपॉझिटरीत आणा.